धागा: थंडरबर्ड ‘केप्ट बॅक’ दाखवतंय. डिस्ट्रोनेच दिलेलं ॲड-ऑन अपडेट अडवतंय का?

लक्ष्मीपुरी_लेजर

लक्ष्मीपुरीतल्या एका पतसंस्थेच्या ऑफिसात १४ मशिनं आहेत, सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्सचा एक डिस्ट्रो, म्हणजे तयार संच). मेलसाठी थंडरबर्ड. संस्थेच्या स्वतःच्या नेक्स्टक्लाउडवरची (आपल्याच सर्व्हरवर चालणाऱ्या क्लाउडवरची) संपर्क-वही आणि कॅलेंडर थंडरबर्डमध्ये यावं म्हणून डेबियनच्या भांडारातलंच एक ॲड-ऑन बसवलं आहे, ‘वेबएक्स्ट-’ने सुरू होणाऱ्या पॅकेजांपैकी. अनअटेंडेड-अपग्रेड्स (अपडेट आपोआप बसवणारी सोय) चालू आहे.

३ मशिनांवर हे ॲड-ऑन नाही, तिथे थंडरबर्ड १४० आपोआप आलं. उरलेली ११ अजून १२८ वरच आहेत. हाताने ‘ॲप्ट अपग्रेड’ दिलं (ॲप्ट म्हणजे डेबियनचं पॅकेज बसवायचं साधन) तर थंडरबर्डचं नाव ‘केप्ट बॅक’च्या, म्हणजे मागे ठेवलेल्यांच्या, यादीत दिसतं, एरर काहीच येत नाही. स्टेबल डेबियनमध्ये आवृत्ती बदलत नाही असं असताना १२८ चं १४० झालंच कसं? आणि आता ११ मशिनांवर सक्तीने अपग्रेड करावं, की ॲड-ऑनची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं?

बिंदू_चौक

आधी ‘कसं झालं’ ते. स्टेबलमधल्या बहुतेक पॅकेजांची आवृत्ती गोठवलेली असते आणि सुरक्षेची दुरुस्ती तेवढी मागे आणून त्याच आवृत्तीत शिवली जाते. फायरफॉक्स, थंडरबर्ड आणि क्रोमियम याला अपवाद आहेत. त्यांचा कोड इतका मोठा आणि इतक्या वेगाने बदलणारा आहे की एकेक दुरुस्ती जुन्या आवृत्तीत शिवत बसणं कुणाला झेपत नाही. म्हणून मोझिलाची जुनी ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी) मालिका संपली की डेबियन पुढची ईएसआर मालिका सुरक्षा-अपडेट म्हणूनच स्टेबलमध्ये आणतं. ११५ नंतर १२८, १२८ नंतर १४०.

आता ॲड-ऑन. ते वेगळ्या सोर्समधून बनतं आणि त्याचा सांभाळकर्ताही वेगळा असतो. एका मशिनवर ‘ॲप्ट-कॅश शो’ देऊन त्याची ‘डिपेंड्स’ ओळ बघा. अशा पॅकेजांत साधारण असं लिहिलेलं असतं: थंडरबर्ड १:१२८ किंवा त्यापुढचं, आणि थंडरबर्ड १:१२८.एक्स किंवा त्याच्या आतलं. सुरुवातीचा १ आणि त्यापुढचं कोलन म्हणजे डेबियनचा ‘ईपॉक’, त्याकडे लक्ष देऊ नका. खरी गंमत त्या ‘एक्स’मध्ये आहे. डेबियन आवृत्त्यांची तुलना तुकड्या-तुकड्याने करतं, आणि टिंबानंतर अक्षर आलं तर ते टिंबानंतरच्या कुठल्याही अंकापेक्षा मोठं धरतं. त्यामुळे १२८.१, १२८.९, १२८.१४ सगळे १२८.एक्सच्या आत बसतात आणि १४० बाहेर पडतं. ‘या मालिकेवर तपासलंय, पुढचं माहीत नाही’ हे सांभाळकर्त्याने एका ओळीत सांगितलेलं असतं.

म्हणजे १४० बसवायचं तर ॲप्टला ॲड-ऑन काढावं लागेल. ‘ॲप्ट अपग्रेड’ कुठलंही बसलेलं पॅकेज काढत नाही, त्याचा नियमच तसा आहे. अनअटेंडेड-अपग्रेड्सही तेच पाळतं. दोघांनी थंडरबर्ड बाजूला ठेवलं आणि पुढे गेले. एरर नाही, कारण त्यांच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही.

आणि धोका नेमका इथेच आहे. ११ मशिनांवर मेलचा प्रोग्रॅम सुरक्षा-दुरुस्त्यांविना चालू आहे आणि कुणालाच कळत नाही.

रंकाळा_वारा

+१. एक भर घालतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची गफलत व्हायला नको. उबुंटू असेल तर ‘केप्ट बॅक’ दिसलं म्हणजे ॲड-ऑनच मोडलं असं धरू नका. उबुंटू अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं. आधी थोड्या मशिनांना, तक्रारी आल्या नाहीत तर हळूहळू सगळ्यांना. तुमच्या मशिनची पाळी आली नसेल तर ॲप्ट ते पॅकेज मागे ठेवतं, आणि काही दिवसांत ते आपोआप येतं. तिथे सक्ती करायची गरज नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला ‘ॲप्ट -एस फुल-अपग्रेड’ द्या. ‘एस’ म्हणजे नुसती रंगीत तालीम, मशिनवर काही बदलत नाही. उत्तरात ‘रिमूव्ह्ड’ मथळ्याखाली तुमचं ॲड-ऑन दिसलं तर अवलंबित्वाचा अडथळा आहे. तिथे काहीच नसेल तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ बघा, पूर्वी कुणीतरी ‘होल्ड’ (पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर रोखणारी खूण) लावून विसरलेलं असू शकतं.

लक्ष्मीपुरी_लेजर

रंगीत तालीम केली. ‘रिमूव्ह्ड’मध्ये ॲड-ऑन आणि त्याला जोडलेलं दुसरं एक पॅकेज, अशी दोन नावं आहेत. होल्ड काही नाही. पण ॲड-ऑन गेलं तर कर्जविभागातल्या लोकांची संपर्क-वही जाईल. थांबलं तर किती थांबावं लागेल?

बिंदू_चौक

थांबू नका. ॲड-ऑनची नवी आवृत्ती स्टेबलमध्ये यायला दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे पॉइंट-रिलीज, साधारण दोन महिन्यांनी एकदा. दुसरी, सांभाळकर्त्याने आणि रिलीज-टीमने ठरवलं तर मधल्या अपडेटमधून. दोन्ही माणसांच्या फुरसतीवर अवलंबून. ब्राउझर आणि मेलचं घड्याळ मात्र सुरक्षेचं, ते दर ४ आठवड्यांनी टोल देतं. या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही हाच सगळा मूळ प्रश्न आहे, आणि ज्या दिवशी बसत नाही त्या दिवशी ॲड-ऑनने माघार घ्यायची असते.

टेस्टिंग शाखेत हे टळतं. तिथे पॅकेज अनस्टेबलमधून येताना त्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजांच्या स्वयंचाचण्या चालतात, आणि एखादी मोडली तर नवं पॅकेज वाटेतच थांबतं. सुरक्षा-अपडेट या चाळणीतून जात नाही, जाऊही नये. सुरक्षेची भेग उघडी ठेवून ॲड-ऑनची वाट बघणं परवडत नाही.

तांबडा_पांढरा

मग डिस्ट्रोचं ॲड-ऑन घ्यायचंच कशाला? थेट थंडरबर्डच्या ॲड-ऑन साइटवरून घ्या. ते प्रोफाइलमध्ये (वापरकर्त्याच्या मेल आणि सेटिंगच्या फोल्डरमध्ये) बसतं, स्वतःच अपडेट होतं, ॲप्टशी संबंधच येत नाही. मशिनं जास्त असतील तर ‘ईटीसी/थंडरबर्ड/पॉलिसीज’ या फोल्डरमध्ये ‘पॉलिसीज.जेसन’ ठेवा. त्यात ‘एक्स्टेन्शन-सेटिंग्ज’खाली ॲड-ऑनचा आयडी, ‘फोर्स-इन्स्टॉल्ड’ आणि एक्सपीआयचा (ॲड-ऑनच्या फाइलीचा) पत्ता दिला की थंडरबर्ड उघडताना ते आपोआप बसतं. ही फाइल १४ मशिनांवर सारखीच चालते.

बिंदू_चौक

ही वाट वाईट नाही, पण तिचे खड्डे माहीत हवेत. एक: तेच ॲड-ऑन डिस्ट्रोच्या पॅकेजमधून आणि साइटवरूनही बसलं असेल तर प्रोफाइलमधली प्रत चालते, यंत्रणेतली झाकली जाते. ॲप्टने नवी आणली तरी वापरात जुनीच राहते. म्हणून दोन्ही कधीही एकत्र ठेवू नका.

दोन: साइटवरून घेतलं म्हणून मोडायचं थांबत नाही. थंडरबर्डची बरीच ॲड-ऑन ‘एक्सपेरिमेंट’ पद्धतीची आहेत, म्हणजे अधिकृत एपीआयच्या (ॲड-ऑनसाठी ठेवलेल्या दाराच्या) पलीकडे जाऊन थेट आतल्या कोडला हात घालतात. आतला कोड दर मालिकेत बदलतो, म्हणून त्यांना मॅनिफेस्टमध्ये (ॲड-ऑनच्या माहिती-फाइलीत) ‘स्ट्रिक्ट-मॅक्स-व्हर्जन’, म्हणजे चालेल ती शेवटची आवृत्ती, द्यावं लागतं. १४० साठीची आवृत्ती नसेल तर थंडरबर्ड ते ॲड-ऑन बंद करून टाकतं आणि मेल मात्र चालू राहतो. डिस्ट्रोच्या वाटेने मेल अडतो, या वाटेने ॲड-ऑन अडतं. सुरक्षेच्या दृष्टीने दुसरं बरं, एवढं मी मान्य करतो.

आता लक्ष्मीपुरीकर, तुमच्यासाठी तिसरी वाट. नेक्स्टक्लाउडची संपर्क-वही कार्डडॅव्हने येते आणि कॅलेंडर कॅलडॅव्हने (सर्व्हरशी जुळवून घेण्याच्या या प्रमाण पद्धती). या दोन्ही सोयी आता थंडरबर्डच्या आतच आहेत. ॲड-ऑनचं काम मूळ प्रोग्रॅमनेच उचललंय, मग ते ओढत कशाला न्यायचं?

कळंबा_तळं

हे पाऊल टाकताना क्रम चुकला तर नोंदी जातात, म्हणून सविस्तर लिहिते. एका मशिनवर पूर्ण करा, दोन दिवस वापरू द्या, मगच बाकीच्या १० ला हात घाला.

आधी जुन्या ॲड-ऑनमधून शेवटचं सिंक करा, आणि नेक्स्टक्लाउडच्या वेबपानावर जाऊन नोंदींची संख्या थंडरबर्डमधल्या संख्येशी ताडून बघा. अशा ॲड-ऑनमधलं खातं बंद केलं की सर्व्हरवर न पोचलेले बदल हातचे जाण्याची भीती असते. ॲड्रेस बुक व्हीकार्ड स्वरूपात एक्स्पोर्ट करून ठेवा. सीएसव्ही नको. मराठी नावांचं एन्कोडिंग उघडताना चुकलं की ‘क्षीरसागर’च्या जागी चौकटी दिसतात, आणि एका नोंदीत तीन फोन असले तर रकान्यांची सरमिसळ होते.

मग थंडरबर्ड बंद. नुसती खिडकी नाही, प्रोसेसही गेली आहे ना ते बघा. होममधल्या ‘.थंडरबर्ड’ फोल्डरची टार (एका फाइलीत बांधलेली प्रत) करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. आधी ‘डीयू -एसएच’ने आकार बघा, जुन्या खात्यांच्या एमबॉक्स फाइली अनेक जीबींच्या निघतात. ही प्रत टाळू नका. १४० ने एकदा प्रोफाइल उघडलं की १२८ ते उघडायला नकार देतं आणि नवं प्रोफाइल बनवायला सांगतं. ‘अलाउ-डाउनग्रेड’ असा पर्याय आहे, पण तो डेटाबेस पूर्वीसारखा करून देत नाही. परत फिरायचं तर टारमधूनच.

आता ‘ॲप्ट इन्स्टॉल थंडरबर्ड’. फुल-अपग्रेडपेक्षा हे बरं, कारण काय काढणार ते एवढ्या एका पॅकेजपुरतंच विचारतं. यादीत तीच दोन नावं असतील तर ‘हो’ म्हणा, तिसरं काही दिसलं तर थांबा. भाषेचं ‘एल१०एन’ पॅकेज बसवलेलं असेल तर काळजी नको. ते थंडरबर्डच्या सोर्समधूनच बनतं, म्हणून सोबतच येतं.

नंतर ॲड्रेस बुक उघडून नवं कार्डडॅव्ह ॲड्रेस बुक जोडा, वापरकर्ता-नाव आणि सर्व्हरचा पत्ता द्या. नेक्स्टक्लाउडमध्ये दोन-टप्प्यांची ओळख चालू असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, सुरक्षा-सेटिंगमधून ‘ॲप पासवर्ड’ काढून तो द्या. कॅलेंडरला नवं कॅलेंडर, ‘ऑन द नेटवर्क’.

एकच उणीव राहते. कार्डडॅव्हच्या वहीत मेलिंग लिस्ट बनवता येत नाही. ‘सर्व संचालक’, ‘सर्व शाखा’ अशा याद्या असतील तर त्या ‘पर्सनल ॲड्रेस बुक’मध्ये कराव्या लागतील, आणि त्या प्रत्येक मशिनवर वेगळ्या राहतील.

लक्ष्मीपुरी_लेजर

याद्या दोनच आहेत, जमेल. ताई, वीज मध्येच गेली तर? इथे पावसाळ्यात दिवसाला दोन-तीनदा जाते आणि सगळ्या मशिनांना यूपीएस नाही.

कळंबा_तळं

डाउनलोड होताना गेली तर काहीच बिघडत नाही, पुन्हा सुरू करा. पॅकेज उलगडताना गेली तर डीपीकेजीचं (ॲप्टच्या हाताखाली पॅकेज बसवणाऱ्या साधनाचं) काम अर्धवट राहतं. मशिन सुरू झाल्यावर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, याच क्रमाने. लॉकची फाइल हाताने पुसू नका. ११ मशिनं एकाच लाइनवर उतरवणार असाल तर एका मशिनवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवा (पोर्ट ३१४२). पॅकेज बाहेरून एकदाच येतं आणि बाकीची मशिनं ऑफिसातल्या ऑफिसात घेतात.

उद्यमनगरी

भावा, ‘थांबू नका’ हे सगळीकडं लागू न्हाई. आमच्या उद्यमनगरात लिनक्ससीएनसीवर (यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या मिलिंग मशिन हायत. तिथं ॲड-ऑन म्हणजे हालकंपाइलनं बनवलेले स्वतःचे कंपोनंट. ते ज्या आवृत्तीवर बांधले तिलाच बसतात. २.८ वरून २.९ ला गेलं की ‘लिनक्ससीएनसी-यूस्पेस-डेव्ह’ टाकून एकेक पुन्हा ‘हालकंपाइल --इन्स्टॉल’ करायला लागतो. रिअल-टाइम कर्नल (वेळेवर काम करणारा लिनक्सचा गाभा) बदलला तर लेटन्सी-टेस्ट (उशीर मोजायची चाचणी) पुन्हा चालवायची. नुसती मशिन मोकळी ठेवून न्हाई, सोबत ग्राफिक्सचा आणि डिस्कचा भार टाकून, चांगला तासभर. आकडा वाढला तर स्टेपर स्टेप चुकवतो आणि जॉब वाया जातो.

असल्या कंट्रोलरला आम्ही इंटरनेट देतच न्हाई. कर्नल आणि लिनक्ससीएनसी दोन्हीला ‘ॲप्ट-मार्क होल्ड’, आणि होल्डची तारीख व कारण कंट्रोलरच्या दारावर आतून चिकटवलेलं. नेट न्हाई म्हणून होल्ड चालतो. मेलच्या मशिनला न्हाई चालणार, तिथं बिंदू_चौक म्हणतोय ते बरोबर.

रंकाळा_वारा

होल्ड नेटवरच्या मशिनला कसा उलटतो याचं नेमकं उदाहरण: १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र संपलं. फायरफॉक्स १२८ किंवा ईएसआर ११५.१३ च्या आधीची आवृत्ती असेल तर सही तपासताना ॲड-ऑन बंद पडणार, असं मोझिलाने आधीच सांगितलं होतं. ॲड-ऑन वाचवायला ब्राउझर रोखून धरलेला, आणि त्यामुळेच ॲड-ऑन जाण्याची वेळ.

तांबडा_पांढरा

ग्नोम (लिनक्सचा एक डेस्कटॉप) वापरणाऱ्यांचं काय? डेबियन १२ वरून १३ ला गेल्यावर शेलची एक्स्टेन्शन्स एकदम बंद पडतात.

पन्हाळा_धुकं

कारण तो जिना मधली पायरी गाळून चढलेला आहे. डेबियन १२ मध्ये ग्नोम ४३ आणि १३ मध्ये ४८. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्नोम ४५ ने जावास्क्रिप्टचे भाग आत घेण्याची पद्धतच बदलली. जुनं ‘इम्पोर्ट्स.यूआय.मेन’ गेलं आणि ईएस-मॉड्यूलची ‘इम्पोर्ट’ ओळ आली. ४४ साठी लिहिलेलं एकही एक्स्टेन्शन ४५ वर न बदलता चालत नाही, आणि ४५ साठीचं ४४ वर चालत नाही. ‘डिसेबल-एक्स्टेन्शन-व्हर्जन-व्हॅलिडेशन’ चालू करून काम भागेल असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिलेला दिसतो. ४५ ते ४८ मधल्या किरकोळ फरकांना तो कधीकधी पुरतो. ४४ ते ४५ ला मुळीच नाही, कारण तिथे आकडा नाही, वाक्यरचनाच वेगळी आहे.

भांडारातली ‘ग्नोम-शेल-एक्स्टेन्शन-’ पॅकेजं वरच्या थंडरबर्डसारखीच शेलच्या आवृत्तीला बांधलेली असतात, त्यामुळे रिलीज बदलताना ती एकतर नव्या रूपात येतात किंवा काढली जातात. घरच्या फोल्डरमध्ये साइटवरून बसवलेल्यांना ॲप्ट ओळखतही नाही. म्हणून अपग्रेडच्या आदल्या दिवशी ‘ग्नोम-एक्स्टेन्शन्स लिस्ट’ची यादी काढून ठेवा, सगळी बंद करा, अपग्रेड करा, मग एकेक चालू करा. एकदम सगळी चालू केली आणि शेल कोसळला तर दोषी कोण ते शोधण्यात दुपार जाते.

जोतिबा_गुलाल

आर्च आणि मांजारो या डिस्ट्रोवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे अर्धवट अपग्रेडला आधारच नाही. ‘पॅकमन -एसवायू’ पूर्ण करायचं, ‘इग्नोर-पॅकेज’ फार दिवस ठेवायचं नाही. सर्वांत जास्त मोडतात ती एयूआरमधली (वापरकर्त्यांनी चालवलेल्या साठ्यातली) पायथन पॅकेजं, कारण पायथनची उपआवृत्ती बदलली की साइट-पॅकेजेसचं फोल्डरच बदलतं आणि जुनी पॅकेजं जुन्याच फोल्डरात पडून राहतात. ‘पॅकमन -क्यूओक्यू’ला जुन्या फोल्डरचा पत्ता द्या, कोणकोणती राहिली ती नावं मिळतील, आणि ती पुन्हा बांधा. मागे फिरायला पॅकमनच्या कॅशमध्ये जुन्या फाइली असतात, म्हणून कॅश पूर्ण रिकामी करू नका. फेडोरात ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’, टम्बलवीडमध्ये बीटीआरएफएसवरचा ‘स्नॅपर रोलबॅक’. डेबियनमध्ये असं काही तयार मिळत नाही.

बिंदू_चौक

खरं आहे, डेबियन डाउनग्रेडला अधिकृत आधार देत नाही. जुनी डेब (पॅकेजची) फाइल डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात मिळते. स्वतःच्या मशिनवर शोधणाऱ्यांनी लक्षात घ्या: ‘ॲप्ट’ने बसवलं तर डाउनलोड झालेली डेब नंतर पुसली जाते, ‘ॲप्ट-गेट’ने बसवलं तर कॅशमध्ये राहते. महत्त्वाच्या मशिनवर अपग्रेड ‘ॲप्ट-गेट’नेच करा.

पुढच्या वर्षी हीच धावपळ नको असेल तर कॅलेंडरमध्ये एक नोंद करा. नवी ईएसआर आल्यावर जुनीला १२ आठवडे आधार मिळतो. फायरफॉक्स १२८ आलं ९ जुलै २०२४ ला, ११५ वरून हलायची वेळ आली १ ऑक्टोबरला. १४० आलं २४ जून २०२५ ला, १२८ संपलं १६ सप्टेंबरला. दोन्ही वेळा बरोबर ८४ दिवस. डेबियन त्या मुदतीच्या शेवटाकडे हलतं. हे ८४ दिवस तपासणीचे. मोझिलाकडची टारबॉल (प्रोग्रॅमची बांधलेली फाइल) ‘ऑप्ट’मध्ये उलगडा, प्रोफाइलची नक्कल ‘--प्रोफाइल’ने द्या, मूळ प्रोफाइल चुकूनही नको. ॲड-ऑनची एक्सपीआय हाताने बसवून बघा. थंडरबर्ड ॲड-ऑनची सही मागत नाही. फायरफॉक्स मागतं. डेबियनचं फायरफॉक्स भांडारातून आलेली बिनसहीची ॲड-ऑन खास पॅचमुळे चालू देतं, मोझिलाची टारबॉल तसं करणार नाही. त्यामुळे टारबॉलमध्ये चाललं नाही म्हणजे डेबियनमध्येही चालणार नाही असा अर्थ काढू नका.

आणि अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या सेटिंगमध्ये ‘मेल’ आणि ‘मेल-रिपोर्ट’ भरा, रिपोर्ट ‘ऑन-चेंज’वर. मागे राहिलेल्या पॅकेजांची नोंद त्याच्या लॉगमध्ये आहेच, पण ११ मशिनांचे लॉग रोज कोण उघडणार? मेल गेला पाहिजे.

लक्ष्मीपुरी_लेजर

पहिलं मशिन झालं. ॲप्टने तीच दोन नावं काढली, तिसरं काही नव्हतं. कार्डडॅव्हवर सगळ्या नोंदी आल्या, संख्या जुळली. एकच अडचण: कॅलेंडरमधली प्रत्येक बैठक दोनदा दिसते.

कळंबा_तळं

जुन्या ॲड-ऑनने बनवलेलं कॅलेंडर यादीत राहिलं असेल. डावीकडच्या कॅलेंडर-यादीत एकाच नावाची दोन दिसतील. दोन्हींचे गुणधर्म उघडा. ज्याच्या पत्त्यात नेक्स्टक्लाउडचा सर्व्हर आणि प्रकार कॅलडॅव्ह आहे ते ठेवा. दुसऱ्यावर ‘अनसबस्क्राइब’ किंवा ‘काढा’ दिसेल, ते घ्या. त्यातल्या बैठका हाताने एकेक पुसू नका. तुम्ही चुकून कॅलडॅव्हच्या प्रतीत असाल तर त्या सर्व्हरवरून आणि मग सगळ्या १४ मशिनांवरून जातील.

लक्ष्मीपुरी_लेजर

तसंच होतं, दोन कॅलेंडरं. जुनं काढलं, बैठका एकदाच दिसतात. उरलेली १० शनिवारी, यूपीएस फिरवून.